राजाक्कांचे दोन

यंत्र म्हणालं, दोन पूर्णांक सहा.

शैलजा चौगुलेनं पडद्यावरचा आकडा दोनदा वाचला. तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की डोक्यावरची ही टोपी काढून समोरच्या घाटगेसाहेबांच्या डोक्यावर घालावी आणि त्यांची दहाही बोटं फटीत धरून दार लावावं. मग बघू पूर्णांक किती येतात ते. पण चारचौघांत आवाज चढवायची तिला सवय नव्हती. तिनं टोपी काढून टेबलावर ठेवली, केस सारखे केले आणि विचारलं, "म्हणजे काय, साहेब?"

घाटगे सूतगिरणीचे कामगार कल्याण अधिकारी. कल्याण या शब्दाचा त्यांच्याइतका छळ कुणी केला नसेल, असं गिरणीत म्हणत. "म्हणजे चांगलंच की, चौगुलेबाई," ते म्हणाले. "दहापैकी दोन-सहा. दुखणं आटोक्यात आहे तुमचं."

"आणि माझी जागा?"

"चाराच्या खाली बैठी जागा मिळत नाही. नियम काही मी केलेला नाही. आता महिनाभर मनगटाला पट्टा लावायचा, मग फेरतपासणी. तेव्हाही चाराच्या खालीच असाल, तर परत वाइंडिंगला."

वाइंडिंग म्हणजे बॉबिनवरचं सूत शंकूच्या आकाराच्या मोठ्या कोनावर गुंडाळायचं खातं. आठ तास उभं राहायचं, मशीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, रिकाम्या बॉबिना काढायच्या, भरलेल्या घालायच्या, अडकलेला धागा बोटांनी सोडवायचा. शैलजानं ते बारा वर्षं केलं होतं. मग पस्तिसाव्या वर्षी तिला आमवात झाला. म्हातारपणी गुडघे धरतात तो हा वात नव्हे. यात शरीराचे पहारेकरी घरच्याच माणसांवर उलटतात आणि सांध्यांचं अस्तर कुरतडू लागतात. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. औषधानं रोगाचा वेग कमी होतो, रोग जात नाही. ही बाई उभ्यानं बोटांचं काम करत राहिली तर पाच वर्षांत बोटं कायमची वाकतील, असं डॉक्टरांनी तेव्हाच लिहून दिलं होतं. म्हणून तिला प्रयोगशाळेत सूत तपासायची खुर्ची मिळाली होती आणि दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं हात मांडीवर ठेवून बसायची मुभा. अकरा वर्षं त्या खुर्चीवर तिची बोटं सरळ राहिली. आता ती सरळ होती म्हणूनच खुर्ची काढून घ्यायला निघाले होते.

ताप मोजता येतो, कारण तापानं पारा चढतो. रक्तातली साखर मोजता येते, कारण साखर ही एक वस्तू आहे. दुखणं ही वस्तू नाही. रक्तात किंवा हाडात त्याचा कण सापडत नाही. ते ज्याचं त्यालाच ठाऊक, आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही ते ऐकणाऱ्याच्या मर्जीवर. म्हणून तीन वर्षांपूर्वी वेदनामापक निघाला, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद दुखणाईतांनाच झाला होता. टोपीतले संवेदक मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपायचे, मनगटावरचा पट्टा नाडी, घाम आणि कातडीखालचा रक्तप्रवाह टिपायचा, आणि अशा शेकडो खुणा एकत्र करून यंत्र शून्य ते दहामधला एक आकडा द्यायचं. आता कुणी आपल्याला सोंगाडं म्हणणार नाही, या आनंदात शैलजानं तेव्हा शेजारणींना पेढे वाटले होते. त्या पेढ्यांची आठवण येऊन तिला आज स्वतःचाच राग आला.

वेदना मंडळ नावाची एक नवी कचेरी उभी राहिली. मंडळानं ठरवलं, की यापुढे सवलती आकड्यावर. डॉक्टरचं पत्र नको, रोग्याचं म्हणणं तर नकोच.

घरी येईपर्यंत शैलजाला आपली चूक सापडली होती. निदान तिला तसं वाटलं. तपासणीला जायचं म्हणून ती पहाटे साडेचारला उठली होती. मिठाच्या कोमट पाण्यात अर्धा तास हात धरले होते. बोटांना तेल लावून एकेक सांधा हळूहळू मोकळा केला होता. इस्त्रीची साडी, केसांत अबोलीचा गजरा, आणि गिरणीच्या दारात दहा मिनिटं डोळे मिटून, श्वास मोजत बसली होती. डॉक्टरांकडे जाताना माणसानं कसं नीटनेटकं जावं, हे आपल्याकडं लहानपणापासून शिकवतात. मरायला टेकलेली बाईसुद्धा दवाखान्यात जाताना वेणी घालून जाते.

हे सगळं तिला शिकवलं होतं राजाक्कांनी. राजमती मगदूम, वय सहासष्ट. तरुणपणी घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या, आणि बत्तीस वर्षांपूर्वी त्यांना हाच आमवात झाला. त्यांच्या दोन्ही हातांची बोटं आता करंगळीच्या बाजूला कलली होती. इचलकरंजीतल्या समाजमंदिरात दर गुरुवारी दुपारी त्या आमवात झालेल्या बायकांची बैठक घेत. नवऱ्याच्या आधारानं जिना उतरणारी शैलजा दहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा तिथं गेली, तेव्हा राजाक्कांनी तिला सांगितलं होतं, "हे बघ, सकाळी उठल्यावर तुला एक कळशी पाणी मिळालंय असं समज. दिवसभर तेवढ्यात भागवायचं. दुपारीच सगळं ओतलंस तर संध्याकाळी तोंड धुवायलाबी उरणार न्हाई." इचलकरंजीत पाण्याचा हिशेब कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दुखायच्या आधी थांबायचं, दुखल्यावर नाही. उलथन्याच्या दांड्याला जाड चिंधी गुंडाळायची. डब्याचं झाकण बोटांनी नाही, तळव्यानं फिरवायचं. आठवड्यातून एकदाची, रविवारची औषधाची गोळी चुकवायची नाही. आणि शेवटचा नियम असा, की दुखणं दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही; त्यानं दुखणं कमी होत नाही, आपणच कमी होतो. औषधानं दिलं नाही इतकं आयुष्य या नियमांनी शैलजाला परत दिलं होतं.

आता तिला वाटलं, आपण दुखणं इतकं चांगलं सांभाळलं की ते यंत्राला दिसेनासं झालं. मेंदूतली दुखण्याची घंटा कमी वाजावी म्हणूनच तर तो सगळा सराव होता. मग सराव सोडायचा. महिनाभर काही सांभाळायचं नाही. गोळी तेवढी घ्यायची, कारण ती वेडी नव्हती, पण बाकी सगळं बंद.

तिनं कोमट पाणी सोडलं, तेल सोडलं. मध्ये न थांबता भांडी घासली, चादरी पिळल्या. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा त्यात तो पट्टा. पट्ट्यावरचा आकडा घरातल्या एका माणसाच्या फोनवर जायचा. मंडळाच्या भाषेत त्याला सोबती म्हणत. शैलजाचा सोबती म्हणजे तिचा नवरा सुकुमार.

सुकुमार वाईट माणूस नव्हता, आणि शैलजाला राग यायचा तो त्यामुळेच. वाईट माणसावर रागवणं सोपं असतं. स्टँडमागं त्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं, आणि अकरा वर्षं तो सकाळी दुकानात जायच्या आधी कणीक मळून देत होता, धुणं पिळून देत होता. कुणी हसलं तर हसू देत होता. पण आयुष्य मीटर लावून मोटरी तपासण्यात गेलेलं. मीटरचा काटा काय सांगतो ते त्याला देवाच्या शब्दासारखं होतं.

आठव्या दिवशी सकाळी शैलजाची बोटं वांग्यासारखी सुजली होती. ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, आज लई दुखायलंय. आठ आहे आज."

तिनं आकडा कधी सांगितला नव्हता. अकरा वर्षांत पहिल्यांदा सांगितला. सुकुमारनं तिच्याकडं पाहिलं आणि मग खिशातून फोन काढला.

"तीन-एक दाखवायलंय," तो म्हणाला.

"मी सांगायलेय न्हवं आठ म्हणून."

"तुला वाटत असणार गं तसं. काळजीनं पण वाटतं." त्यानं फोन खिशात घातला. "दुकानात गिऱ्हाईक थांबलंय, पाण्याची मोटर जळलीया त्याची. आजच्या दिवस तूच मळ की कणीक. तीनच आहे."

तो गेला. शैलजानं कणीक मळली. एकेक बोट पिठात रुतवताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मनगटावरचा पट्टा तीन-एकवरून तीन-दोनवर गेला. एवढंच. तिला रडू दुखण्याचं येत नव्हतं. आपण इतकी वर्षं न बोलता राहिलो, तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला, आणि पहिल्यांदा बोललो तेव्हा आपल्या माणसानं आपल्या तोंडाकडं न बघता फोनकडं बघितलं, याचं येत होतं.

चपात्या झाल्यावर हात मांडीवर ठेवून ती विचार करत बसली. सराव सोडला. हात सुजले, मूठ वळेना. आणि आकडा वाढला तो जेमतेम अर्धा. म्हणजे सरावाचा प्रश्नच नव्हता. बिघाड दुसरीकडं कुठंतरी होता.

मग तिला ती मुलगी आठवली. सहा वर्षांपूर्वी पुण्याची एक संशोधक गाडीभर यंत्रं घेऊन गुरुवारच्या बैठकीत आली होती. मृण्मयी देवस्थळी. अडतीस बायकांना एकेक करून टोपी घालून तिनं नोंदी घेतल्या होत्या. जाताना सगळ्यांना नंबर देऊन गेली होती आणि भडंगाची कृती लिहून घेऊन गेली होती. आता ती मंडळाच्या कोल्हापूरच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होती. शैलजानं फोन केला, दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि एस.टी.नं कोल्हापूर गाठलं.

डॉ. देवस्थळींनी तिचे हात पाहिले. आपल्या हातात घेतले नाहीत, नुसते पाहिले. हे शहाणपण त्यांना त्या बैठकीतच आलं असावं.

"पट्टा काय म्हणतो?"

"तीन-एक."

देवस्थळींनी चष्मा काढला. "शैलाताई, यंत्राला दुखणं कळत नाही. लहान मुलाला आपण लाल रंग कसा शिकवतो? जास्वंद दाखवून म्हणतो, हा लाल. हजार वेळा दाखवलं की मूल स्वतः ओळखायला लागतं. यंत्रालाही आम्ही तसंच शिकवलं. एका बाजूला मेंदूच्या लहरी, नाडी, घाम यांचं चित्र. दुसऱ्या बाजूला त्या क्षणी त्या माणसानं तोंडानं सांगितलेला आकडा. अशा हजारो जोड्या. हे चित्र असलं की माणूस पाच म्हणतो, हे असलं की आठ. दाढदुखीच्या जोड्या चिकार होत्या, ऑपरेशनच्या होत्या. पण वर्षानुवर्षं मुरलेल्या सांधेदुखीच्या जोड्या कुणाकडंच नव्हत्या. त्या पहिल्यांदा तुम्ही दिल्या. अडतीस जणींनी. त्या दुखण्याची सगळी पट्टी तुमच्या आकड्यांवर उभी आहे."

"मग?"

"मग हे बघा."

त्यांनी पडद्यावर त्या दिवशीचं चित्रीकरण लावलं. समाजमंदिराचं सभागृह, भिंतीकडेनं बसलेल्या बायका, चहाची किटली. मधोमध खुर्ची. मोठ्या म्हणून राजाक्का पहिल्या. टोपी घातलेल्या राजाक्कांना तरुण देवस्थळी विचारते, "आत्ता किती दुखतंय, दहापैकी?" राजाक्का ताठ बसतात. पुण्याहून पाहुणी आलेली, समोर सदतीस जणी आपल्याकडं बघताहेत. त्या ठणठणीत आवाजात म्हणतात, "दोन."

सभागृहात कौतुकाची कुजबुज. दुसरी बाई खुर्चीवर बसते. राजाक्कांच्या वाकड्या बोटांना दोन, तर आपल्या बोटांना पाच कुठल्या तोंडानं म्हणायचं? ती म्हणते, "दोनच." तिसरी म्हणते, "दीड." चौथी म्हणते, "अडीच," आणि राजाक्कांकडं बघून लगेच, "नाही, दोन." अडतीस जणी. सगळ्यांत मोठा आकडा तीन, आणि तो सांगणारी खुर्चीवरून उठताना माफी मागते. तेविसावी शैलजा. चाळिशीची, गजरा माळलेली. ती हसते आणि म्हणते, "दोन म्हणा. चालतंय."

शैलजा त्या हसणाऱ्या बाईकडं बघत राहिली. तिला तिच्या कानफटात मारावीशी वाटली.

"तेव्हा खरं किती होतं?" देवस्थळींनी विचारलं.

"सात तरी असणार."

"म्हणजे आम्ही यंत्राला जास्वंद दाखवून सांगितलं, हा गुलाबी. आता ते राज्यभर सांगत फिरतंय." त्यांचा आवाज खाली गेला. "एकेकीला वेगळ्या खोलीत विचारायला हवं होतं. ती माझी चूक. मला वाटलं, तुमच्या बैठकीतच तुम्ही मोकळेपणानं बोलाल."

"मोकळेपणानं," शैलजा म्हणाली. "सगळ्यांसमोर. राजाक्कांच्या नंतर." तिला हसू आलं आणि ते चांगलं हसू नव्हतं. इतकी शिकलेली ही बाई, आणि हिला एवढं कळलं नाही, की आपल्याकडं थोरल्या बाईपेक्षा जास्त दुखायची मुभा कुणाला नसते.

उपाय एकच होता. ज्यानं नोंद दिली त्याला ती दुरुस्त करायचा हक्क कायद्यानं होता. अडतीसपैकी तीस जणींनी नव्यानं नोंद दिली तर जुनी पट्टी रद्द होणार होती, आणि नवी तयार होईपर्यंत कुणाचीही बैठी जागा काढता येणार नव्हती. पण मंडळाची अट होती. चूक फक्त उत्तरात होती हे सिद्ध करायचं, तर बाकी सगळं तसंच हवं. तीच जागा, त्याच बायका, तोच क्रम.

"म्हणजे पहिल्या राजाक्काच?"

"पहिल्या राजाक्काच."

राजाक्का अंगणात बसून तुरी निवडत होत्या. बोटांनी नाही, तळव्याच्या कडेनं खडे बाजूला सारत. शैलजानं सगळं सांगितलं. राजाक्कांचे हात थांबले नाहीत.

"म्हणजे मी खोटं बोलले म्हणायलीस?"

"व्हय."

आजवर राजाक्कांना कुणी असं म्हटलं नव्हतं. त्यांनी मान वर केली.

"मी तुला जगायला शिकवलं."

"शिकवलंत. आन् गप्प बसायलाबी शिकवलंत. दोन्ही एकाच दमात शिकवलंत आक्का, मला वाटलं एकच गोष्ट आहे." शैलजाचा आवाज चढला होता, आणि चढू दे, असं तिनं ठरवलं होतं. "तुमचे दोन आता कागदावर छापलेत. त्या दोनच्या हिशेबानं मला आठ तास उभं करायलेत. मला एकटीला न्हाई. सांगलीच्या, लातूरच्या, कुठकुठल्या बायकांना. तुमची झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि बोटं आमची मोडायलीत."

राजाक्कांचे हात थांबले. मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "चौतीस वर्षांची होते. पयल्यांदा हात धरले तवा मी सासूला सांगितलं, लई दुखतंय, दहाच्या दहा बोटं दुखत्यात. तिनं त्याच आठवड्यात माझ्या भावाला बोलवून घेतलं. म्हणाली, दुखणाईत पोर आमच्या गळ्यात मारलीसा, घेऊन जावा. सहा म्हयने माहेरी होते. धाकटा अंगावर पीत होता, त्याला ठेवून घेतलं त्यांनी. परत आले तवा त्यानं मला ओळखलं न्हाई." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "त्या दिवसापास्नं मी दोन म्हणते. दोन म्हणणाऱ्या बाईला घरात ठेवत्यात, शैला. नऊ म्हणणारीला न्हाई."

 हे ऐकूनही शैलजाचा राग गेला नाही. तो राजाक्कांवरून उठून मागं गेला, त्या सासूवर, त्या भावावर, आणि मग परत फिरून इथंच आला.

"आता कोण पाठवणार हाय तुम्हाला माहेरी?" ती म्हणाली. "गुरुवारी दुपारी तीनला. तुम्ही दोन म्हणालात तर सगळ्या दोनच म्हणतील. मलाबी माहीत नाही माझ्या तोंडातनं काय येईल."

राजाक्कांनी सूप पुन्हा पुढं ओढलं. येते म्हणाल्या नाहीत, नाही येत असंही नाही.

पुढचे तीन दिवस शैलजानं घरोघर जाऊन बायका गोळा केल्या. दोघी वारल्या होत्या, एक मुलीकडं परदेशात होती. उरलेल्या पस्तिसांपैकी काहीजणी म्हणाल्या, आता उलटं बोललं तर लोक काय म्हणतील. एकीचा नवरा म्हणाला, "तेव्हा दोन होतं तर आता कुठनं आलं?"  शैलजानं त्याच्या बायकोकडं बघितलं आणि ती म्हणाली, "गुरुवारी तीन वाजता." ती बाई आली.

सुकुमारला तिनं जेवताना एवढंच सांगितलं, की पट्टी चुकीची लागली आहे. त्याला ते चटकन कळलं. मीटर लावताना शून्यच चुकलं तर पुढचं सगळं माप चुकतं, हे त्याच्याइतकं कोण जाणणार. "मग बरोबर आहे," तो म्हणाला. "मशीनचा दोष आहे." आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचं काहीतरी येऊन गेलं. शैलजाला ते दिसलं. तिनं ताट उचललं.

गुरुवारी तिला गाडीच्या मागं धरून बसता येईना, म्हणून सुकुमारनं दुकान बंद ठेवून तिला रिक्षानं आणलं. सभागृहात एकतीस जणी जमल्या होत्या. पोचवायला आलेले नवरे, मुलगे, सुना असे सगळे दाराशी घोळक्यानं उभे होते. मंडळाचा एक माणूस वेगळ्या टेबलावर बसला होता, कारण देवस्थळींवरही आता मंडळाचा भरवसा नव्हता. खुर्ची मधोमध, टोपी तयार. तीन वाजून गेले. राजाक्का नव्हत्या.

सव्वातीनला त्या आल्या. लग्नाला नेसतात तसली जरीची साडी नेसून, एकट्या. थेट पुढं आल्या. खुर्चीवर बसल्या आणि टोपी घालायला डोकं पुढं केलं.

"आत्ता किती दुखतंय, दहापैकी?" देवस्थळींनी विचारलं. 

 राजाक्का ताठ बसल्या होत्या, अगदी त्या चित्रीकरणातल्यासारख्या. शैलजाला दिसलं, त्यांचा जबडा घट्ट मिटलेला होता, आणि तिला वाटलं, संपलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

"आत्ताचं सांगू का तवाचं?" राजाक्कांनी विचारलं.

"दोन्ही सांगा."

"आत्ता नऊ हाय. तवाबी नऊच होतं." त्यांनी मंडळाच्या माणसाकडं बघितलं. "आन् तू लिवून घे नीट. मी चौतीस वर्षांची असल्यापास्नं नऊ हाय. कुणी इचारलं न्हवतं, आन् एकदा सांगितलं तर घराभायेर काढलं. हेबी लिव."

दाराशी कुणाचीतरी सून रडायला लागली. दुसरी बाई खुर्चीवर बसली. तिनं राजाक्कांकडं बघितलं. राजाक्कांनी मान हलवली. "सात," ती म्हणाली. तिसरी म्हणाली आठ. चौथी म्हणाली सहा, आणि सहाच का म्हणून तिला कुणी विचारलं नाही. मागच्या वेळी तीन म्हणून माफी मागणारी खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "साडेआठ," इतक्या जोरात, की मंडळाच्या माणसानं पेन खाली ठेवलं आणि परत उचललं.

शैलजाची पाळी आली. टोपी डोक्यावर बसली तेव्हा तिला समोर दार दिसत होतं आणि दारात सुकुमार. ती त्याच्याकडं बघतच म्हणाली, "आठ. सहा वर्षांपूर्वी सात."

सगळं आटपायला साडेपाच झाले. बत्तीस नोंदी, त्यांत एकही दोन नव्हता. मंडळाच्या माणसानं जागेवरच तात्पुरता आदेश काढला. जुन्या पट्टीवरच्या सगळ्या फेरतपासण्या नवी पट्टी येईपर्यंत स्थगित. घाटगेसाहेबांना तो आदेश उद्या सकाळपर्यंत पोचेल, असंही त्यानं सांगितलं. बायकांनी राजाक्कांभोवती गर्दी केली होती. शैलजा पायऱ्या उतरून खाली आली, तेव्हा सुकुमार रिक्षा थांबवून उभा होता. त्याचे डोळे लाल झाले होते.

"वाचली न्हवं का खुर्ची," तो म्हणाला.

"व्हय."

 मग म्हणाला, "आठ. एवढं होतं, तर मला तरी सांगायचंस, शैला."

शैलजानं त्याच्याकडं वळून पाहिलं.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "ओट्यापाशी उभी राहून सांगितलं होतं. तुम्ही फोन बघितलासा."

सुकुमारनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मशीनचा दोष, असं तो म्हणणार होता, हे तिला कळलं, आणि ते म्हणता येणार नाही हे त्याला कळलं. इतर कुठल्याही दिवशी तिनं त्याची ती अडचण स्वतःच दूर केली असती, काहीतरी दुसरं बोलून, हसून. आज तिनं तसं काही केलं नाही. रिक्षावाला वाट बघत होता. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून आत बसली, आणि सुकुमार बाहेर उभा राहून शब्द शोधत राहिला. तिनं त्याला शोधू दिले.